ट्रान्स्फर फसल्यानंतरचे इम्यून आणि क्लॉटिंगचे रिपोर्ट: कशाला किती किंमत द्यायची?

प्रश्न थोडक्यात असा: वय ३३. आयव्हीएफच्या दोन ट्रान्स्फर (लॅबमध्ये वाढवलेला एम्ब्रियो, म्हणजे गर्भ, गर्भाशयात सोडणं) झाल्या. पहिल्या वेळी तिसऱ्या दिवसाचे दोन एम्ब्रियो सोडले, निकाल निगेटिव्ह. दुसऱ्या वेळी एक ब्लास्टोसिस्ट, म्हणजे पाच-सहा दिवस वाढवलेला एम्ब्रियो. बीटा एचसीजी हे गरोदरपणाचं हॉर्मोन थोडं वाढलं आणि आठवड्याभरात उतरलं. त्याच आठवड्यात, इस्ट्रोजेनच्या गोळ्या अजून चालू असताना, 'इम्यून आणि क्लॉटिंग पॅनेल' म्हणून रक्त घेतलं. त्याच्या दोन आठवडे आधी ताप येऊन गेला होता. रिपोर्ट आले ते असे: एनके सेल (प्रतिकारशक्तीच्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी) १८ टक्के, एएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धची अँटिबॉडी) १:८० पॉझिटिव्ह, अँटिकार्डिओलिपिन आयजीएम (गुठळ्यांशी संबंध असलेली अँटिबॉडी) २२, प्रोटीन एस (गुठळ्या होऊ न देणारं प्रोटीन) कमी, एमटीएचएफआर जीनची एक प्रत बदललेली. पुढच्या ट्रान्स्फरसाठी इंट्रालिपिडची सलाईन, प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, रक्त पातळ करणारं हेपारिनचं रोजचं इंजेक्शन, अ‍ॅस्पिरिन आणि नवऱ्याच्या रक्तपेशींपासून केलेली 'लस' असा बेत सांगितलाय. 'माझं शरीरच गर्भाला मारतंय का? हे सगळं घेऊ का?'

आधी उत्तर सांगते, कारणं नंतर. तुमचं शरीर गर्भाला मारतंय असं या कागदांवरून कुणालाच म्हणता येणार नाही. पाचांतला एकच रिपोर्ट मी पुन्हा करून बघायला सांगेन, अँटिकार्डिओलिपिनचा. प्रोटीन एस चुकीच्या वेळी तपासलंय. उरलेले तीन फाईलमध्ये राहू देत, त्यांच्यावरून काहीही ठरवू नका. लस तर नकोच. बाकीच्या औषधांपैकी एकही आज सुरू करावं असं कारण मला दिसत नाही. आणि ज्या तपासण्यांना खरंच वजन आहे त्यांतल्या दोन या पॅनेलमध्ये केलेल्याच नाहीत. त्यावर पुढे येते.

पण आधी साधं गणित करू. प्रत्येक ट्रान्स्फरला ४० टक्के यश धरलं, तरी दोन्ही वेळा अपयश येण्याची शक्यता ३६ टक्के निघते. म्हणजे काहीही दोष नसलेल्या शंभर जोडप्यांतली छत्तीस जोडपी दोन ट्रान्स्फरनंतर तुमच्याच जागी बसलेली असतील, हातात हाच प्रश्न घेऊन. तिसऱ्या खेपेनंतरही जवळजवळ बावीस जोडपी उरतात. युरोपातल्या ईशर या प्रजनन तज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ साली 'वारंवार रुजवण फसणे' याची व्याख्या म्हणूनच ट्रान्स्फरच्या आकड्यावर बांधली नाही. त्या जोडप्याची एकत्रित शक्यता ६० टक्क्यांच्या वर जायला हवी होती आणि तरी यश आलं नाही, तर शोध सुरू करा, असं ते म्हणतात. तुम्ही त्या उंबरठ्याच्या आसपास आहात, त्यामुळे शोध घेणं गैर नाही. प्रश्न आहे तो कशाचा शोध घ्यायचा याचा.

गर्भ न रुजण्याचं सगळ्यात मोठं कारण गर्भातच असतं, त्याच्या गुणसूत्रांमध्ये. स्त्रीबीजाचं वय वाढतं तशी गुणसूत्रांची वाटणी चुकत जाते. चाळिशीनंतर निम्म्याहून जास्त एम्ब्रियोंमध्ये गडबड सापडते, आणि तिशीतही तिचं प्रमाण दुर्लक्ष करण्याइतकं लहान नसतं. मायक्रोस्कोपखाली देखणा दिसणारा ब्लास्टोसिस्ट आतून बरोबर असेलच असं नाही. २०२१ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात चार हजारांवर स्त्रियांना गुणसूत्रं तपासलेले, बरोबर निघालेले एम्ब्रियो एका वेळी एक असे दिले गेले. तीन ट्रान्स्फरपर्यंत ९५ टक्के स्त्रियांमध्ये गर्भ रुजून टिकला. गर्भाशय किंवा प्रतिकारशक्ती हे नेहमीचं कारण असतं, तर हा आकडा इतका वर गेलाच नसता. उरलेल्या पाच टक्क्यांत काहीतरी वेगळं असू शकतं, मी ते नाकारत नाही. पण आज ज्यांच्या हातात इम्यून पॅनेलचा रिपोर्ट ठेवला जातो, त्या बहुतेक जणी या पाच टक्क्यांतल्या नसतात.

एनके सेल

'गर्भात निम्मा भाग नवऱ्याचा, म्हणजे परका. मग आईचं शरीर त्याला परकं समजून हाकलणारच' हा विचार पटकन पटतो. १९५३ साली पीटर मेडावार या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी गर्भाची तुलना दुसऱ्याच्या शरीरातून बसवलेल्या अवयवाशी केली आणि तिथून ही कल्पना रुजली. प्रश्न मोलाचा होता, पण गेल्या सत्तर वर्षांत त्याचं उत्तर बरंच वेगळं निघालंय. गर्भाचं बाहेरचं आवरण, ज्यातून पुढे वार तयार होते, त्याच्या पेशींवर एचएलए-ए आणि एचएलए-बी हे प्रोटीनच नसतात. आणि परका अवयव ओळखून त्याच्यावर तुटून पडणाऱ्या टी सेल मुख्यतः त्यांच्याच आधारे तो ओळखतात. उरतं ते एचएलए-सी, आणि त्याच्याशी बोलतात गर्भाशयातल्या एनके सेल.

त्या बोलण्याचा परिणाम काय होतो, ते बघा. गर्भाशयातल्या एनके सेल रक्तातल्या एनके सेलपेक्षा वेगळ्या जातीच्या असतात. पाळीच्या दुसऱ्या भागात, गर्भ असो वा नसो, त्यांची संख्या वाढू लागते. गर्भ राहिला की सुरुवातीच्या आठवड्यांत अस्तरातल्या पांढऱ्या पेशींपैकी जवळपास ७० टक्के याच असतात. गर्भाशयाच्या नागमोडी रक्तवाहिन्या रुंद करून वारेला पुरेसं रक्त मिळावं, यासाठी त्या राबतात. त्या कमी पडल्या किंवा त्यांचा गर्भपेशींशी मेळ बसला नाही, तर पुढे रक्तदाब चढणं आणि बाळाची वाढ खुंटणं असे त्रास दिसतात. म्हणजे दडपून टाकाव्यात अशा या पेशी नाहीतच.

तुमच्या हातातले १८ टक्के तर रक्तातल्या एनके सेलचे आहेत, दंडातून काढलेल्या रक्तातल्या. त्यांवरून अस्तरात काय चाललंय याचा अंदाज बांधता येत नाही. शिवाय रक्तातला आकडा चंचल असतो. जिना चढून आलात, रात्री झोप झाली नाही, सुई बघून घाबरलात, तरी तो हलतो. लॅबगणिक 'नॉर्मल'ची हद्दही बदलते. ईशरच्या २०२३ च्या शिफारशींत रक्तातल्या किंवा गर्भाशयातल्या एनके सेल तपासू नका असंच सांगितलंय. अस्तराचा तुकडा घेऊन केलेली तपासणी संशोधनासाठी रंजक असेल, पण तो तुकडा पाळीच्या नेमक्या कुठल्या दिवशी घेतला यावर मोजणी इतकी बदलते की तिच्यावरून औषध ठरवणं मला पटत नाही.

परकेपणाच्या कल्पनेला सगळ्यात मोठा धक्का दाता-स्त्रीबीजाने दिलाय. अशा गर्भात आईचा जनुकीय अंश शून्य असतो, तो पूर्ण परका. आणि तरीही आयव्हीएफमधले सगळ्यात चांगले निकाल दाता-स्त्रीबीजाचेच असतात, कारण बीज तरुण असतं. अशा गरोदरपणात रक्तदाबाचा त्रास जास्त दिसतो, म्हणजे प्रतिकारशक्तीचा संबंध अजिबात नाही असं नव्हे. पण तो संबंध वार नीट बसण्याशी आहे, गर्भ हाकलण्याशी नाही.

एएनएचं लवकर उरकते. १:८० इतका सौम्य पॉझिटिव्ह एएनए ठणठणीत माणसांतही सर्रास सापडतो, स्त्रियांमध्ये जास्तच. सांधे सुजणं, उन्हात चेहऱ्यावर लाल चट्टे उठणं, तोंडात वारंवार फोड, लघवीतून प्रोटीन जाणं, यांतलं काही असेल तर संधिवाततज्ज्ञांना दाखवा. नसेल तर तो कागद विसरा. ज्यांना खरंच ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) आहे त्यांची गोष्ट निराळी: आजार निदान सहा महिने शांत असावा, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू ठेवावं आणि रो व ला अँटिबॉडी आधी तपासून घ्याव्यात, कारण त्या बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकतात.

थायरॉइडच्या अँटिबॉडींबद्दलही लोक विचारतात. टीएसएच (थायरॉइडची नेहमीची तपासणी) नॉर्मल असेल आणि फक्त टीपीओ अँटिबॉडी पॉझिटिव्ह असतील, तर थायरॉक्सिन देऊन फायदा होतो का, हे ९५२ स्त्रियांवर तपासलं गेलं. २०१९ मध्ये आलेल्या त्या निकालात मूल होण्याचं प्रमाण गोळी घेणाऱ्यांत ३७.४ टक्के आणि न घेणाऱ्यांत ३७.९ टक्के होतं. टीएसएच वाढलेला असेल तर मात्र गोळी हवीच. शुक्राणूंविरुद्धच्या अँटिबॉडी हाही खरा प्रकार आहे, विशेषतः नसबंदी उलटवलेल्या पुरुषांत. पण तुमची इक्सी (सुईने शुक्राणू थेट बीजात सोडणं) झाली असेल तर तो अडथळा आपोआपच ओलांडला गेलाय.

गुठळ्या: कुठे खरं, कुठे नुसती भीती

रुग्णांना सांगितलं जाणारं चित्र साधारण असं असतं: रक्त घट्ट आहे, वारेच्या नसांत गुठळ्या होतात, गर्भाला रक्त मिळत नाही, तो सुकतो, म्हणून रक्त पातळ करा. ऐकायला सरळ वाटतं. पण गर्भ रुजतो तेव्हा नेमकं काय घडतं हे पाहिलं तर या चित्रात मोठी खोट दिसते. पहिले जवळपास दहा आठवडे गर्भाच्या पेशी आईच्या रक्तवाहिन्यांच्या तोंडाशी बुचासारख्या बसलेल्या असतात. आईचं रक्त वारेच्या पोकळीत त्या काळात धो धो वाहतच नाही. गर्भ अस्तरातल्या ग्रंथींच्या स्रावांवर पोसला जातो आणि ऑक्सिजन मुद्दाम कमी ठेवलेला असतो. रक्ताचा खरा प्रवाह दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होतो. ट्रान्स्फरनंतर दहाव्या दिवशी निगेटिव्ह आलेल्या बीटाचं खापर वारेतल्या गुठळीवर फोडणं म्हणूनच पटत नाही. तेव्हा ती वारच नसते.

जन्मजात कारणांमध्ये फॅक्टर व्ही लायडन, प्रोथ्रॉम्बिनचा बदल, प्रोटीन सी, प्रोटीन एस आणि अँटिथ्रॉम्बिनची कमतरता येतात. हे दोष स्त्रीच्या स्वतःच्या जिवासाठी महत्त्वाचे आहेत. पायात किंवा फुप्फुसात गुठळी होऊन गेली असेल, किंवा आई-बहीण-भावांपैकी कुणाला तरुण वयात झाली असेल, तर ते तपासायलाच हवेत आणि रक्तविकारतज्ज्ञाला भेटायलाच हवं. पण मूल राहण्यासाठी, टिकण्यासाठी हेपारिन द्यावं का? २०२३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अलाईफ-२ चाचणीत असा दोष असलेल्या आणि दोन किंवा अधिक गर्भपात झालेल्या ३२६ स्त्रिया होत्या. रोज हेपारिन घेणाऱ्यांपैकी ७२ टक्के आणि न घेणाऱ्यांपैकी ७१ टक्के स्त्रियांना मूल झालं. इंजेक्शनाशिवायचा आकडा बघा, ७१ टक्के. मग इंजेक्शन घेऊन बाळ झालेल्या प्रत्येकीला वाटणार की ते इंजेक्शनामुळेच झालं. तिचं चुकतंय असं मी म्हणत नाही. तिच्या जागी मलाही तसंच वाटलं असतं. पण उपचार न घेतलेला गट शेजारी ठेवल्याशिवाय हे कळायला मार्गच नसतो. कारण सापडत नसलेल्या गर्भपातांवर २०१० च्या मूळ अलाईफ चाचणीतही हेच दिसलं होतं: अ‍ॅस्पिरिन आणि हेपारिन मिळून ५५ टक्के, नुसतं अ‍ॅस्पिरिन ५१ टक्के, औषध नसलेली खोटी गोळी ५७ टक्के.

तुमचं प्रोटीन एस कमी आलं ते इस्ट्रोजेन चालू असताना आणि नुकती गर्भधारणा होऊन गेलेली असताना. या दोन्ही स्थितींत ते कमी होणारच, ती शरीराची नेहमीची चाल आहे. गोळ्या थांबवून दोनेक महिने गेल्यावर, तेही घरात गुठळ्यांचा इतिहास असेल तरच, ते पुन्हा करा. डी-डायमरचंही तसंच: गरोदरपणात आणि हॉर्मोनच्या इंजेक्शनांच्या काळात तो वर जातो, त्यावरून गर्भ रुजेल की नाही हे कळत नाही. एमटीएचएफआरचा बदल तर इतका सर्वत्र आहे की एक प्रत बदललेली असणं हे जवळपास रक्तगट वेगळा असण्याइतकंच साधं. अमेरिकेतल्या वैद्यकीय जनुकतज्ज्ञांच्या कॉलेजने २०१३ सालीच सांगितलंय की वारंवार गर्भपाताच्या शोधात ही तपासणी करू नका. नेहमीचं फॉलिक अ‍ॅसिड, रोज ४०० मायक्रोग्रॅम, पुरेसं आहे.

आता जिथे गुठळी आणि प्रतिकारशक्ती दोन्ही खरोखर एकत्र येतात, तो आजार: अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. याच्यासाठीच मी हे सगळं लांबलचक लिहितेय, कारण नको त्या तपासण्यांच्या गर्दीत नेमका हाच अर्धवट तपासला जातो.

त्याच्या तपासण्या तीन: ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटि-बीटा-टू-ग्लायकोप्रोटीन. तुमची फक्त मधली झालीय. गरोदरपणातल्या धोक्याचा सगळ्यात पक्का इशारा देणारी ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट झालेलीच नाही. ही तपासणी किचकट आहे. रक्त सायट्रेटच्या निळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये, बरोबर खुणेपर्यंत भरावं लागतं. लॅबने ते दोनदा फिरवून प्लेटलेट जवळपास पूर्ण काढून टाकायला हव्यात, कारण उरलेल्या प्लेटलेटमधल्या फॉस्फोलिपिडला अँटिबॉडी चिकटून बसतात आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो. एक नाही तर दोन वेगळ्या तत्त्वांच्या चाचण्या लावाव्या लागतात. आणि हेपारिन चालू असताना रक्त दिलं तर निकाल गढूळ होतो. मी तुम्हाला आज हेपारिन सुरू करू नका म्हणते त्यामागे हेही एक कारण आहे: एकदा ते सुरू झालं की हा प्रश्न नीट सोडवायची संधी हातची जाते.

अँटिकार्डिओलिपिन आयजीएम २२ हा आकडा कमी आहे. आजार म्हणण्यासाठी साधारण ४० च्या वर लागतो. तापानंतर तो तात्पुरता वर जाणं अगदी नेहमीचं. म्हणूनच २००६ पासून वापरात असलेल्या सिडनीच्या निकषांत निदान १२ आठवड्यांच्या अंतराने दोनदा पॉझिटिव्ह येण्याची अट आहे. शिवाय नुसत्या रक्तावरून निदान होत नाही, सोबत काही घडलेलं असावं लागतं: गुठळी, किंवा दहा आठवड्यांच्या आत लागोपाठ तीन गर्भपात, किंवा दहा आठवड्यांनंतर व्यवस्थित वाढलेल्या गर्भाचा मृत्यू, किंवा तीव्र रक्तदाबामुळे वा वार कमी पडल्याने ३४ आठवड्यांच्या आत झालेली प्रसूती. २०२३ मध्ये संशोधनासाठी आलेले नवे निकष याहून कडक आहेत; त्यांत नुसत्या लवकरच्या गर्भपातांना फारसं वजन उरलेलं नाही. आणि ट्रान्स्फर फसणं तर जुन्या यादीतही नाही, नव्या यादीतही नाही. आयव्हीएफ करणाऱ्या स्त्रियांमध्ये या अँटिबॉडी असल्या-नसल्याने निकालात फरक पडत नाही, असं २००० सालच्या एकत्रित विश्लेषणात दिसलं होतं.

मग तपासायचं कशाला? रास्त शंका आहे. तुमची ही चाचणी आधी कुणी केलीच नसती, तर मीही आग्रह धरला नसता. पण एकदा सूत बाहेर आलंय तर ते ओढून बघावं, कारण आजार खरंच असेल तर त्याचा उपचार आहे आणि तो काम करतो. १९९७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या चाचणीत, वारंवार गर्भपात आणि या अँटिबॉडी असलेल्या ९० स्त्रियांपैकी नुसतं अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्या ४२ टक्के, आणि अ‍ॅस्पिरिनसोबत हेपारिन घेणाऱ्या ७१ टक्के स्त्रियांना मूल झालं. इथेही हेपारिन नुसतं रक्त पातळ करत नाही. या अँटिबॉडी वारेच्या पेशींनाच इजा करतात, कॉम्प्लिमेंट नावाची दाहाची यंत्रणा चेतवतात, आणि हेपारिन ती आवरतं असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय. निदान पक्कं झालं तर आयव्हीएफची आखणीही बदलते: इस्ट्रोजेन फार चढू द्यायचं नाही, ट्रिगर (बीजं पक्व करणारं शेवटचं इंजेक्शन) बदलायचा, एम्ब्रियो गोठवायचे आणि ट्रान्स्फर शक्यतो नैसर्गिक पाळीत करायची.

जाता जाता एक गोष्ट, जिच्याकडे गर्भाच्या काळजीत सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. आयव्हीएफमध्ये गुठळीचा खरा धोका असतो तो स्त्रीला, अंडाशय अतिउत्तेजित झाल्यावर. पोट फुगणं, लघवी कमी होणं, आणि त्यानंतर काही दिवसांनी, कधी आठवड्यांनी, मानेच्या एका बाजूला दुखणं-सुजणं किंवा हात जड होणं, अशी लक्षणं दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तिथे हेपारिनची गरज निर्विवाद असते.

सुचवलेली औषधं

लसीपासून सुरुवात करते. नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी बायकोला टोचायच्या, म्हणजे तिचं शरीर 'ओळख' ठेवेल आणि संरक्षक अँटिबॉडी तयार करेल, अशी कल्पना होती. १९९९ साली लॅन्सेटमध्ये तिची नीट चाचणी प्रसिद्ध झाली. टोचलेल्यांत यश ३६ टक्के, खोटं इंजेक्शन दिलेल्यांत ४८ टक्के. उपचार घेतलेल्यांचं नुकसानच झालं असावं असा तो निकाल होता. २००२ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने संशोधनाबाहेर हे करायला मनाई केली. वर दुसऱ्याच्या रक्तातून येणारा संसर्गाचा धोका वेगळा, आणि पुढे कधी रक्त किंवा अवयव लागला तर जुळवणं अवघड होऊ शकतं तेही वेगळं. यावर मी चर्चासुद्धा करत नाही.

प्रेडनिसोलोनबद्दल मात्र बोलायला हवं, कारण ते स्वस्त आहे आणि 'घ्या, काय बिघडतंय' म्हणून हातावर ठेवलं जातं. बिघडतं. २०२३ च्या, जामा या वैद्यकीय नियतकालिकातल्या चाचणीत वारंवार रुजवण फसलेल्या ७१५ स्त्रियांना रोज १० मिलिग्रॅम प्रेडनिसोन किंवा खोटी गोळी दिली. मूल होण्याचं प्रमाण ३७.८ आणि ३८.८ टक्के, म्हणजे फायदा नाही. आणि वेळेआधी प्रसूती स्टेरॉइड गटात ११.८ टक्के, दुसऱ्या गटात ५.५. बीटा वाढून उतरण्याचं प्रमाणही स्टेरॉइड गटातच जास्त निघालं, आणि तुमची दुसरी ट्रान्स्फर नेमकी तशीच गेलीय. साखर आणि रक्तदाबाचा प्रश्न तर आहेच.

इंट्रालिपिड म्हणजे सोयाबीन तेल आणि अंड्यातल्या फॉस्फोलिपिडचं दुधासारखं पांढरं मिश्रण. तोंडाने जेवू न शकणाऱ्या रुग्णांना ते शिरेतून अन्न म्हणून देतात. प्रयोगशाळेत ते एनके सेलचा जोर कमी करतं. पण त्या पेशींचा जोर कमी करावा का, हाच मूळ प्रश्न असेल तर पुढचं सगळंच लटकं पडतं. शिरेतून दिली जाणारी इम्युनोग्लोब्युलिन महाग आहे, रक्तापासून बनते, आणि ट्रान्स्फर यशस्वी व्हावी म्हणून ती देण्याला आधार नाही. एक अपवाद प्रामाणिकपणे नोंदवते: कारण न सापडलेले चार किंवा अधिक गर्भपात झालेल्या स्त्रियांना गरोदरपणाच्या अगदी सुरुवातीला मोठ्या डोसमध्ये दिल्यास फायदा होऊ शकतो, असं २०२२ मध्ये जपानमधून आलेल्या एका छोट्या चाचणीत दिसलंय. तो गट तुमचा नाही.

हेपारिन वारेतून बाळाकडे जात नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू. म्हणून अनेक डॉक्टर 'नुकसान तर नाही' म्हणून लिहून देतात. रोज पोटावर टोचून निळेकाळे डाग पडतात, क्वचित प्लेटलेट धोकादायक रीतीने उतरतात, स्त्रीबीज काढताना किंवा पाठीत भूल देताना तास मोजावे लागतात. हे सगळं सोसायला कारण हवं. आहे तेव्हा जरूर सोसावं.

मग करायचं काय

इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन बंद होऊन, ताप-सर्दी नसताना, पहिल्या रक्ततपासणीनंतर १२ आठवडे पूर्ण झाल्यावर वरच्या तिन्ही अँटिफॉस्फोलिपिड तपासण्या एकत्र करा, हेपारिन न घेता, ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट नेहमी करणाऱ्या लॅबमध्ये. तोवर हातावर हात ठेवून बसायला नको. टीएसएच आणि एचबीए१सी बघून घ्या. गर्भाशयाच्या पोकळीत पॉलिप, पडदा किंवा चिकटलेला भाग नाही ना, यासाठी थ्रीडी सोनोग्राफी किंवा हिस्टेरोस्कोपी (दुर्बिणीने आतून बघणं), पूर्वी झाली नसेल तर. बीजवाहक नळीत पाणी साठून ते गर्भाशयात उतरत असेल तर ते रुजवणीला नक्की मारक असतं. त्याचा उपचार केल्याने निकाल सुधारतात, आणि फाईलमध्ये त्याचा उल्लेखही नाही. हिस्टेरोस्कोपी करणारच असाल तर अस्तराचा छोटा तुकडा घेऊन सीडी-१३८ डाग लावून प्लाझ्मा सेल बघायला हरकत नाही. जुना दाह सापडला तर डॉक्सिसायक्लिनचा दोन आठवड्यांचा कोर्स पुरतो. तुम्हा दोघांची कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी, एकदा करा. आणि पुढच्या भेटीत लॅबमध्ये एम्ब्रियो वाढवणाऱ्या एम्ब्रियॉलॉजिस्टशी बोलायला वेळ मागा. किती बीजं पक्व होती, किती ब्लास्टोसिस्टपर्यंत पोचली, पाचव्या दिवशी की सहाव्या, ग्रेड काय होता, गोठवलेले किती उरलेत: तुमच्या दोन अपयशांबद्दल पाच रक्ततपासण्यांपेक्षा या एका पानावरून मला जास्त कळेल.

डॉक्टरांशी बोलताना भांडणाचा सूर नको. बहुतेक जण हे लबाडीने करत नाहीत. समोर रडणाऱ्या जोडप्याला 'नशीब, पुन्हा करू' म्हणणं फार जड जातं आणि औषधांची यादी देणं सोपं जातं. एवढंच विचारा: या रिपोर्टमुळे हे औषध, आणि या औषधाने माझ्यासारख्या स्त्रीला मूल होण्याचं प्रमाण वाढलंय अशी खोट्या गोळीशी तुलना करून झालेली चाचणी कुठली? रक्तातली संख्या कमी झाल्याचं दाखवणारी नको, मूल झाल्याचं दाखवणारी हवी.

अँटिफॉस्फोलिपिडच्या तीनपैकी कुठलीही तपासणी चांगलीच पॉझिटिव्ह निघाली, तर ट्रान्स्फर थांबवून आधी संधिवाततज्ज्ञ किंवा रक्तविकारतज्ज्ञांना भेटा. तिन्ही निगेटिव्ह असतील तर क्लॉटिंगचा विषय संपला. आणि एक सूचना, हे वाचण्याआधीच गोळ्या सुरू केल्या असतील तर: प्रेडनिसोलोन तीन आठवड्यांहून जास्त दिवस घेतलं असेल तर एकदम बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडून डोस हळूहळू उतरवून घ्या, हेपारिन किंवा अ‍ॅस्पिरिन आधी होऊन गेलेल्या गुठळीसाठी चालू असेल तर त्याला माझ्या सांगण्यावरून हातही लावू नका.